कानांत राहिलेला मुलूख
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



कर्जत-खालापूरच्या निसर्गाविषयी कोणी लिहावयास बसला की त्याची लेखणी ठरावीक वाटेने चालू लागते. माथेरानचा डोंगर, राजमाचीचे दोन बालेकिल्ले, पावसाळ्यातले धबधबे आणि भातखाचरांची हिरवळ! यांतले काहीच खोटे नाही. परंतु हे वर्णन थोड्याफार फरकाने मावळालाही लागू पडेल आणि चिपळूणलाही. आपल्या दोन तालुक्यांचेच असे त्यात काय आहे, याचा शोध घेऊ लागलो म्हणजे डोळ्यांपेक्षा कानांचे साह्य अधिक घ्यावे लागते, असे आमच्या अनुभवास आले आहे. आज त्याविषयीच चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांना गाव सोडून दोन-तीन पिढ्या झाल्या. डोंबिवलीच्या किंवा दादरच्या घरात राजमाचीचे एखादे सुरेख छायाचित्र टांगलेले असते. आलागेला त्याची वाहवा करतो. घरचा माणूस मात्र महिनोन्‌महिने त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. चित्र भिंतीचाच एक भाग होऊन बसते. पण मे महिन्याच्या अखेरीस, एखाद्या पहाटे, इमारतीमागच्या झाडावरून पावशा ओरडू लागला की तोच माणूस हातातला चहाचा पेला खाली ठेवतो. असे का व्हावे? आम्हांस वाटते, चित्रापुढे आपण उभे असतो. आवाज मात्र आपल्याला चहूबाजूंनी वेढतो.

या पावशाची गोष्ट मोठी नामी आहे. त्याचा कंठ एकच. तीन सुरांची चढती आवर्तने, दर वेळी अधिक उंच, अधिक अधीर. हिंदी मुलखातल्या विरहिणीने त्यात 'पी कहाँ' ऐकले. बंगाल्याला 'चोख गेलो', म्हणजे 'डोळे गेले', असे ऐकू आले. उन्हाळ्याने त्रस्त झालेल्या इंग्रज साहेबाला तो 'ब्रेन फीव्हर' म्हणतो आहे असे वाटले, आणि त्याच्या भाषेत पाखराला तेच नाव पडले. आपल्या शेतकऱ्याने मात्र ऐकले 'पेरते व्हा'. राब भाजून झालेला आहे, नांगराला नवा फाळ बसला आहे, बियाणे कणगीतून बाहेर काढले आहे आणि आभाळाकडे डोळे लागले आहेत, अशा माणसाला दुसरे काय ऐकू येणार? निसर्गाचा ध्वनी म्हणून आपण ज्याची आठवण काढतो, त्यात निम्मा निसर्ग असतो आणि निम्मे आपल्या वाडवडिलांचे काम असते. पावसाचेही तसेच. कामट्या आणि पाने यांच्या इरल्यावर पडणारा पाऊस आणि आजच्या प्लॅस्टिकच्या खोळीवर पडणारा पाऊस एकाच ढगातून येतो, पण त्यांचे आवाज निराळे. इरल्याखाली वाकून ज्याने आवणी केली आहे, त्याच्या कानातला पाऊस त्याच्या नातवाला केवळ आभाळाकडे पाहून ऐकू येणार नाही.

कलावंतांनी हे फार पूर्वीच ओळखले आहे. बेथोव्हेन या जर्मन संगीतकाराने १८०८ साली आपली सहावी सिंफनी व्हिएन्ना नगरीत सादर केली. तिला ग्रामीण जीवनाचे नाव आहे आणि तिच्या दुसऱ्या भागात ओढ्याकाठी तीन पाखरे बोलतात. त्या वेळी त्याचे कान पुष्कळच अधू झाले होते. जी पाखरे त्याला रानात नीट ऐकू येईनात, ती त्याने बासरी आदी वाद्यांच्या मुखाने बोलविली. आपल्याकडे कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन देवासला अंथरुणावर पडले, गाणे बंद झाले. तेव्हा खिडकीबाहेरून येणारी माळव्याची लोकगीते ऐकत त्यांनी दिवस काढले, आणि बरे झाल्यावर त्या धुनांतून नवे राग उभे केले. दोघांचाही मार्ग एकच. जे समोर राहिले नाही ते स्मरणात ऐकावयाचे, आणि दुसऱ्यांना ऐकू येईल असे करावयाचे. या थोरांची गोष्ट सांगून आपल्या घरच्या गोष्टीकडे वळणे धारिष्ट्याचे वाटेल. परंतु घरची गोष्टही लहान नाही.

प्रथम नद्यांचे पाहू. उल्हास राजमाचीच्या डोंगरात उगम पावते आणि कर्जतेवरून बदलापूर-कल्याणकडे जाते. पाताळगंगा खोपोलीकडून निघून खालापूर तालुका ओलांडते. सह्याद्रीच्या पायथ्याचे ओढे-नाले शिमग्यानंतर आटतात, हा नेम. परंतु पाताळगंगेचा खळखळाट वैशाखातही थांबत नाही, आणि भिवपुरीकडून येणाऱ्या पेज नदीचेही तसेच. मुंबईहून उन्हाळ्याच्या सुटीत आलेल्या मुलांना नदी म्हणून जी आठवते ती ही, भर उन्हात थंड पाण्याने वाहणारी. या आवाजाचे मूळ कोठे आहे? १९१५ साली खोपोलीस टाटांचे वीजघर सुरू झाले. लोणावळा, वळवण, शिरवटे येथील तलावांचे पाणी नळांतून सतराशे फुटांहून अधिक खाली आणावयाचे, त्यावर चक्रे फिरवावयाची आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यावयाची, अशी ती योजना. चक्रे फिरवून झालेले पाणी पाताळगंगेत सोडले जाते. १९२२ साली भिवपुरीस दुसरे वीजघर झाले. त्याचे पाणी पेजेत येते आणि त्यावर कर्जत तालुक्यातील राजनाल्याखाली उन्हाळी भात होते. म्हणजे जी नदी आपण निसर्गाची लेक म्हणून गौरवितो, तिचा उन्हाळ्यातला कंठ यंत्राने दिलेला आहे! याचे कोणास वाईट वाटावे असे आम्हांस वाटत नाही. उलट, या गावांतून गिरणीत गेलेला माणूस ज्या मागावर उभा राहत असे, तो माग आणि त्याच्या गावची नदी एकाच पाण्याने बांधलेली होती, ही गोष्ट त्या काळच्या किती जणांना ठाऊक असेल? गिरण्या गेल्या, त्यांचे भोंगे गेले. नदी मात्र अजून बोलते आहे.

दुसरा आवाज घाटाचा. खोपोलीपर्यंत आगगाडी १८५६ साली आली. पुढे बोरघाट चढून पुण्याकडे जाणारा मार्ग १८६३ साली खुला झाला. या कामावर हजारो मजूर पटकीने आणि अपघातांनी मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यानंतर थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट अनुभवी अभियंत्यांच्या हाती सोपवून तडीस नेले. घाटाच्या बांधकामाची तिच्या नावावर असलेली छायाचित्रे आजही पाहावयास मिळतात. कमानी, मोऱ्या, उघडे पडलेले कातळ, सर्व स्पष्ट. परंतु त्या चित्रांत सुरुंगाचा धडाका नाही, पहारींचा ठणठणाट नाही, आणि ओझे उचलताना मजुरांच्या तोंडून निघणारी साद तर नाहीच. चित्र मुके असते म्हणजे काय, हे समजून घेण्यास यापरते उदाहरण नको.

पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून ढकलणारी इंजिने, ज्यांना रेल्वेच्या बोलीत 'बँकर' म्हणतात, ती कर्जतेस लागतात. पुढच्या इंजिनाची शिटी, तिला मागच्याचे उत्तर, मग साखळ्या ताणल्याचा धक्का, आणि पळसदरी, जामरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल अशी ती रात्रीची चढण! स्टेशनाजवळच्या घरांत वाढलेल्या मुलांना हीच अंगाई. १९३० च्या सुमारास घाटात विजेची इंजिने आली. तेव्हा कोळशाच्या इंजिनाचा धापा टाकणारा आवाज ज्यांच्या कानांत होता, त्यांना घाट मुका झाल्यासारखे वाटले असणार. त्यांच्या मुलांना मात्र विजेच्या इंजिनाचा भोंगा हाच घाटाचा खरा आवाज. प्रत्येक पिढीचा मुलूख असा निराळा असतो, आणि आजोबा-नातू एकाच डोंगराविषयी बोलत असूनही कधी कधी दोन डोंगरांविषयी बोलत असतात.

आता कलेकडे येऊ, आणि तेही आपल्या मुलखातल्या सर्वांत जुन्या कलेकडे. कर्जतेहून कोंडिवडेमार्गे राजमाचीच्या पायथ्याशी गेले की कोंडाण्याची लेणी लागतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे बौद्ध भिक्षूंचे स्थान. एक चैत्यगृह आणि शेजारी विहार. चौकजवळ २००५ साली उभारलेल्या चित्रपटनगरीत दिल्ली-आग्र्याचे लाकडी-कापडी महाल पाहावयास माणसे रांगा लावून गेली. त्यांपैकी किती जण त्याच वाटेने आणखी थोडे पुढे जाऊन ही लेणी पाहून आले असतील? असो. कोंडाण्याच्या दर्शनी भागाकडे लक्षपूर्वक पाहिले की एक चमत्कार दिसतो. दगडातली प्रत्येक वस्तू लाकडाची नक्कल आहे. कमानीखालचे वासे, जाळीचे कठडे, तुळयांची बाहेर आलेली टोके, सर्व सुताराच्या कामाप्रमाणे. दगडाला वाशांची आवश्यकता नव्हती. कातळ स्वतःच्या बळावर उभा होता. परंतु ज्यांनी ते खोदले, त्यांच्या हातांना रानातल्या लाकडाची सवय होती, आणि लाकडी मंदिरांची आठवण त्यांच्या मनात घर करून होती. ती लाकडी मंदिरे कुजून मातीला मिळाली. त्यांची आठवण तेवढी दगडात उरली.

त्याच दर्शनी भागावर नाचणाऱ्या जोडप्यांचे पट आहेत. भिक्षूंच्या निवासाच्या दारात नाच! तो ढोलाच्या तालावर होता की आणखी कशाच्या, हे दगड सांगत नाही. पाय मात्र ठेक्यात पडलेले आहेत. पावसाळ्यात लेण्यांच्या माथ्यावरून पाण्याचा पडदा दरीत कोसळतो. तो पडदा ओलांडून आत उभे राहिले की बाहेरचा सारा मुलूख पाण्याच्या आवाजात बुडून जातो, आणि खोदणाऱ्यांनी हीच जागा का निवडली असेल याचे एक उत्तर आपल्याला न विचारताच मिळते. त्याच पाण्याने खांबांचे पाय खाऊन टाकले आहेत, हेही सांगितले पाहिजे. दर्शनी भागाच्या कडेला एका भव्य मूर्तीचा भग्न अवशेष आहे. त्याशेजारी ब्राह्मी लिपीत एक लहानसा लेख आहे. कण्ह याचा शिष्य बलक याने हे केले, एवढाच त्याचा आशय. राजाचे नाव नाही, देणगीची रक्कम नाही. करणाऱ्याचे आणि त्याच्या गुरूचे नाव तेवढे आहे. या बलकाकडे आम्हांस शेवटी पुन्हा यावयाचे आहे.

कोंडाण्याची कला दगडातली, ती टिकली. परंतु या डोंगरांत दुसरी एक कला आहे, जी टिकण्यासाठी केलेलीच नसते. ठाकरांच्या घरी लग्न निघाले की भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक रेखाटतात. लग्न सरते, पुढचा पावसाळा येतो, भिंत पुन्हा सारवली जाते आणि चौक नाहीसा होतो. पुढच्या लग्नात नवा. त्यांचे ढोल आणि नाच यांचेही तसेच. ते कोणत्याही पुस्तकात नाहीत, अंगात आहेत. ल. ना. चापेकरांनी सह्याद्रीतील ठाकुरांवर १९६० साली इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याने या समाजाची पुष्कळ माहिती नोंदली गेली, हे उपकारच म्हणावयाचे. तथापि शहरातल्या बहुतेकांच्या कानी ठाकरांचा ढोल पडला तो १९७७ सालच्या 'जैत रे जैत' या चित्रपटामुळे. कथा गोनीदांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, गीते ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. महानोर हे अजिंठ्याकडच्या पळसखेड्याचे. त्यांचे रान निराळे, माती निराळी. असे असूनही त्या गाण्यांनी घाटाखालचा डोंगर ऐकू आणला. कर्नाळ्याच्या सुळक्यावरची आग्या मोहोळे पाहताना ती गाणी कानांत वाजू लागत नाहीत, असा मराठी माणूस विरळा. परंतु येथे एक सावधगिरी हवी. चित्रपटातले गाणे हे ठाकरांचे गाणे नव्हे. ते ठाकरांविषयीचे उत्तम गाणे आहे. ते ऐकून आपली तृप्ती झाली आणि वाडीवरच्या म्हाताऱ्याचा ढोल ऐकावयास आपण गेलोच नाही, तर कलेने आपल्याला गावाकडे नेले असे न होता वाटेतच बसवून ठेवले असे होईल.

आणि वाडी तेथेच राहील याचा तरी भरवसा काय? खालापूर तालुक्यात चौकच्या डोंगरात इर्शाळगडाच्या कुशीत इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री, मुसळधार पावसात, डोंगर सुटला आणि झोपलेली वाडी गाडली गेली. २७ मृतदेह मिळाले. ५७ माणसे सापडलीच नाहीत. चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. वाचलेल्यांना पुढे चौकच्या बाजूस घरे देण्यात आली. घरे बांधून देता येतात. त्या रात्री जी तोंडे मिटली, त्या तोंडांतली गाणी बांधून देता येत नाहीत. खालून द्रुतगती मार्गावरून जाताना आजही इर्शाळचा सुळका नेढ्यासह दिसतो. मोटारीतली माणसे त्याचे छायाचित्र घेतात. ते छायाचित्र सुंदरच येते.

हे सर्व आपल्या ज्ञातीच्या संमेलनात कशासाठी सांगावयाचे, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. आपली घरे ठाकरांची नाहीत. परंतु आपल्या घरांतही न लिहिलेले पुष्कळ आहे, आणि तेही अशाच कंठांत आहे. जात्यावरच्या ओव्यांचेच घ्या. विजेच्या चक्क्या आल्या आणि जाती परसात पालथी पडली; जाते थांबले तसे गाणेही थांबले, कारण त्या ओवीला दगडाच्या घरघरीवाचून चाल सुचत नाही. घाटावर, आपल्या शेजारच्या मुळशी-मावळ भागांत, हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी १९८० नंतरच्या दशकांत खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. बेर्नार बेल यांनी पुष्कळ ओव्यांचे ध्वनिमुद्रण केले. त्या ओव्या आता सर्वांना ऐकता येतात. त्यांत बायांनी आपल्या नद्या, आपले घाट, माहेरची वाट आणि सासरचा उंबरठा असा सारा मुलूख गाऊन ठेवला आहे. कोणत्याही नकाशापेक्षा तो अधिक खरा आहे, कारण त्यावर चालणाऱ्या पावलांना किती कष्ट पडले हेही त्यात सांगितले आहे.

घाटाखालच्या आपल्या आज्या, आत्या, मावश्या यांच्या मुखीही ओव्या आहेत. लग्नात धवळे म्हणणारी धवलारीण अजून काही गावांत आहे. या बायांची वये आता ऐंशीच्या पुढे गेली. त्यांना 'काही येतं का?' असे विचारले तर 'आता कुठलं रे आठवतंय बाबा' असेच उत्तर मिळते. तेथे थांबू नये. जात्याचा खुंटा त्यांच्या हाती द्यावा, मूठभर तांदूळ टाकावे, आणि जरा बाजूस व्हावे. हात फिरू लागला की कंठ आपोआप उघडतो, असे आम्ही एकाहून अधिक घरांत पाहिले आहे.

या वर्षी आपल्या सभासद कुटुंबांनी हे एवढे काम अंगावर घ्यावे, अशी आमची विनंती आहे. साधने आता दुर्मिळ राहिली नाहीत. प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलवर उत्तम ध्वनिमुद्रण होते. गाणारीचे नाव, तिचे माहेर, सासर, ती ओवी तिने कोणाकडून घेतली, हे सारे तिच्याच आवाजात आधी बोलवून घ्यावे. 'आमच्या आजीचे गाणे' एवढे पुरे नाही. बलकाने आपल्यासह गुरूचे नाव कातळात कोरून ठेवले, म्हणून दोन हजार वर्षांनी आपण त्या दोघांना ओळखतो. आपल्या आजीला आणि तिला शिकविणाऱ्या बाईला निदान तेवढा मान मिळावयास हवा. मुलांना बरोबर न्यावे. गाणे समजले नाही तरी चालेल. आजीच्या तोंडून निघालेले गावाचे, शेताचे, ओढ्याचे नाव त्यांच्या कानी पडू द्यावे. यांतली पुष्कळ नावे सात-बाराच्या उताऱ्यावर नाहीत, आणि जमिनी विकल्या गेल्यावर तर ती उच्चारण्याचे कारणच उरणार नाही.

वेळेविषयी एक सूचना. हे काम होळीनंतर आणि मृगापूर्वी उरकावे. एकदा लावणी सुरू झाली की गावात कोणी घरी सापडत नाही. आणि पाऊस लागल्यावर पत्र्यावरच्या आवाजात म्हाताऱ्या माणसाचा आवाज नीट मुद्रित होत नाही. मे महिन्यात गेलात तर मुद्रणात मागे पावशाही येईल. तो काढून टाकू नये.